गाळलेले तीन शब्द

सरासरीबाई हे नाव त्यांना नेमकं कोणी ठेवलं, हे आता कोणालाच आठवत नाही. शाळेतल्या मुली पाठीमागे म्हणायच्या, परीक्षा कार्यालयातले लोक तोंडावर म्हणायचे, आणि नवरा तर घरात हाकच तशी मारायचा. बाईंना राग येत नसे. कोणाला टोपणनाव नाकावरून मिळतं, कोणाला चालण्यावरून. आपल्याला गणितावरून मिळालं, याचा त्यांना थोडा तोराच होता. थोडा म्हणजे, सांभाळून बोलायचं तर थोडा.

सव्वीस वर्षं त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या. पण जीव गुंतला होता तो दुसऱ्याच कामात. नोकरभरतीच्या परीक्षा घेणारं एक कार्यालय होतं. लांबलचक इमारत, खाकी कपाटं, आणि जिन्यात कायम ओल्या पुठ्ठ्याचा वास. सुट्टीच्या दिवसांत बाई तिथे प्रश्न काढायला जात. काळ-काम-वेग दुसऱ्या कोणाकडे, भूमिती तिसऱ्याकडे, सरासरी मात्र एकोणीस वर्षं बाईंकडे. त्यात दुसरं कोणी हात घालायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

सरासरी हा दिसायला अगदी भोळा विषय. बेरीज करा, भागा, झालं. म्हणूनच त्यात माणूस सापडतो, असं बाई म्हणत. जाताना ताशी चाळीसने गेला, येताना त्याच रस्त्याने साठने आला, तर सरासरी वेग किती? दहातले आठ जण डोळे मिटून पन्नास लिहितात. उत्तर अठ्ठेचाळीस. कारण गाडी हळू असते तेव्हा ती रस्त्यावर जास्त वेळ असते, आणि हा जास्तीचा वेळ कोणी हिशेबात धरत नाही. माणसाला दोन आकडे दिसले की त्यांच्या मधोमध जाऊन बसायची खोड आहे. बाईंनी या खोडीवरच आपला संसार मांडला होता म्हणा ना. एका तुकडीची सरासरी इतकी, दुसरीची तितकी, दोन्ही मिळून किती, असं विचारलं की मुली दोन्हींची बेरीज करून निम्मं करायच्या. मग बाई टेबलावर डस्टर आपटायच्या. "तुकडीत पोरी किती, ते आधी विचार! चार पोरींची सरासरी आणि चाळीस पोरींची सरासरी एका मापाची असते का गं? चूक. बस खाली." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की मुली त्यांची नक्कल करताना पहिल्यांदा तेच म्हणत.

बाईंची दुसरी ख्याती म्हणजे आखूड प्रश्न. प्रश्नपत्रिकेच्या पानावर दोन रकाने असतात. एक प्रश्न तिसऱ्या ओळीत गेला की खालचे सगळे सरकतात आणि शेवटचा पुढच्या पानावर जाऊन पडतो. मग पान वाढतं, आणि पान वाढलं की कार्यालयातल्या सगळ्यांचे चेहरे पडतात. बाईंचे प्रश्न दोन ओळींच्या पुढे जात नसत. लाल पेन घेऊन त्या वाक्य सोलत बसायच्या. 'असल्यास' काढ, 'खालीलपैकी' काढ, 'अनुक्रमे' ठेव. त्यांचं बघून नवीन प्रश्नकर्ते शिकायचे, आणि बाई न बघितल्यासारखं करून ते बघायच्या.

त्या वर्षी हॉस्पिटलच्या स्टोअरकीपर पदाची परीक्षा होती. बारा जागा, अकराशेच्या आसपास उमेदवार. मोठ्या परीक्षांच्या मानाने ही अगदीच लिंबूटिंबू. छपाईच्या आदल्या दिवशी, मोबाईल बाहेर ठेवून सगळे आतल्या खोलीत बसले होते. ऑपरेटर पान लावता लावता म्हणाला, "बाई, सत्ताविसावा तिसऱ्या ओळीत जातोय. थोडक्यासाठी."

बाईंनी पान ओढून घेतलं. प्रश्न असा होता: विद्यार्थीसंख्या समान असून 'अ' आणि 'ब' तुकड्यांचे सरासरी गुण अनुक्रमे ६० व ७० आहेत, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून सरासरी गुण किती? चार पर्याय होते. पहिला पासष्ट, दुसरा सहासष्ट, तिसरा अडुसष्ट, आणि चौथा, कार्यालयाच्या पद्धतीप्रमाणे, 'माहिती अपुरी'. सोपा प्रश्न होता. कठीण प्रश्नांच्या मधे उमेदवाराला जरा श्वास घ्यायला ठेवलेला. बाईंनी लाल पेनाने तीन शब्द उडवले, 'विद्यार्थीसंख्या समान असून', आणि पान परत सरकवलं. प्रश्न दोन ओळींत बसला. ऑपरेटर म्हणाला, "याला म्हणतात हात." उत्तरतालिका आधीच टाइप झाली होती, सत्ताविसाव्यासमोर पहिला पर्याय. तपासणाऱ्यांनी बाईंचा विभाग नेहमीसारखा न वाचताच सही करून पुढे पाठवला. बाईंच्या कामात कोण कशाला बोट घालतो?

ज्या गोष्टीसाठी त्यांनी सव्वीस वर्षं डस्टर आपटलं, तीच गोष्ट त्यांनी एका फटक्यात आपल्या हाताने कापली होती. आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं.

परीक्षा झाली, उत्तरतालिका लागली. आक्षेप घ्यायला सात दिवस असतात. मोठ्या परीक्षेला क्लासवाले गठ्ठेच्या गठ्ठे आक्षेप आणून टाकतात, पण या परीक्षेकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. ज्यांनी पासष्ट लिहिलं ते खूश होते. ज्यांनी चौथा पर्याय लिहिला, त्यांनी आपलंच चुकलं म्हणून कपाळाला हात लावला असणार. सातव्या दिवशी बाईंच्या विभागावर एकच कागद आला.

नियंत्रक साहेबांनी तो सगळ्यांच्या देखत बाईंसमोर धरला. "घ्या. एकोणीस वर्षांत पहिला. हॉस्पिटलच्या लाँड्रीतली बाई आहे. तुम्हाला चादरी मोजून सरासरी शिकवतेय."

खोलीत हशा पिकला. बाईही हसल्या. हसत हसतच त्यांनी कागद वाचायला घेतला.

निळ्या शाईत, शाळकरी गोल अक्षरात लिहिलं होतं: 'मी चादरी मोजायचं काम करते. आमच्या मोठ्या वॉर्डात चाळीस खाटा आहेत आणि लहान वॉर्डात दहा. मोठ्या वॉर्डात खाटेमागे रोज दोन चादरी लागतात, लहान वॉर्डात चार. कोणी म्हणेल सरासरी तीन. पण तीन धरून पन्नास खाटांच्या दीडशे चादरी तयार ठेवल्या तर तीस उरतात. हेच मोठ्या वॉर्डात चार लागल्या असत्या आणि लहान वॉर्डात दोन, तर तीस कमी पडल्या असत्या. म्हणून खाटा किती ते कळल्याशिवाय सरासरी सांगता येत नाही. प्रश्नात मुलं किती ते दिलेलं नाही. तरी उत्तर चौथं असावं असं मला वाटतं. चूकभूल माफ असावी.'

दुसऱ्या ओळीतच बाईंना सगळं दिसलं. लाल पेन दिसलं, तीन शब्द दिसले. त्यांनी मान वर केली तेव्हा सगळे अजून हसतच होते, आणि साहेब म्हणत होते, "बोलवा तिला खिडकीवर. समजावून सांगा, 'समाधान झाले' असं लिहून घ्या, फाईल बंद. तुमच्या रेकॉर्डला डाग नको."

त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. 'हिचं बरोबर आहे' एवढे तीनच शब्द लागत होते. पण ऑपरेटर समोर होता, दोन नवीन प्रश्नकर्ते समोर होते, त्यातली एक तर बाईंच्या हाताखाली शिकलेली. बाई म्हणाल्या, "बघते मी." आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

दोन दिवसांनी ती खिडकीवर आली. तिशी ओलांडलेली, सडपातळ, ड्यूटीवरून थेट आलेली. हातांची कातडी सोड्याने पांढरी पडून सुरकुतलेली. तिने आपल्या अर्जाची प्रत आणली होती आणि एक टोक केलेली पेन्सिलही. काचेच्या खालच्या फटीतून तिने कागद आत सरकवला.

"बाई, मी भांडायला नाही आले हं," ती म्हणाली. "माझं कुठे चुकलं तेवढं कळलं तर बरं. म्हणजे पुढच्या वेळी..." ती थांबली. "पुढची वेळ नाहीच म्हणा. वय संपतंय माझं या वर्षी. पण तरी कळलेलं बरं."

हे ऐकूनसुद्धा बाई बोलल्या नाहीत. हे नीट लक्षात ठेवायला हवं. तिची ही शेवटची संधी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"तुमचं चादरींचं गणित चांगलं आहे," बाई गोड आवाजात म्हणाल्या. शाळेत मंद मुलीला जवळ घेऊन शिकवताना त्यांचा जो आवाज लागतो, तोच लागला. "पण परीक्षेत एक संकेत असतो. संख्या दिली नसेल तर ती सारखी धरायची. हे बघा." त्यांनी दोन सारखे चौकोन काढले. एकात साठ-साठ लिहिलं, दुसऱ्यात सत्तर-सत्तर. बेरीज केली, चारने भागलं. पासष्ट. अक्षर मोत्यासारखं.

असला संकेत नव्हता. एकोणीस वर्षांत बाईंनी तो कधी ऐकला नव्हता आणि कोणाला सांगितलाही नव्हता. खिडकीच्या त्या फटीपाशी, अर्ध्या मिनिटात, त्यांनी तो जन्माला घातला होता.

ती चौकोनांकडे बघत राहिली. "म्हणजे दिलं नसेल तर सारखं समजायचं."

"हो."

"मग चौथा पर्याय कशाला देतात हो?"

प्रश्न असा नेमका होता की बाईंची कानशिलं तापली. वर्गातल्या कुठल्याही मुलीने असा प्रश्न विचारला असता तर बाईंनी तिला डोक्यावर घेतलं असतं. इथे त्या म्हणाल्या, "फसवायला."

"आणि मी फसले," ती म्हणाली आणि मनापासून हसली. बाईंचं समजावणं तिला पटलं होतं. तिने अर्जावर 'समाधान झाले, तक्रार नाही' असं लिहिलं, सही केली, आणि जाताना म्हणाली, "शाळेत तुमच्यासारख्या बाई मिळाल्या असत्या ना, तर मी इथे चादरी मोजत बसले नसते."

बाई खिडकीची झडप लावून तशाच बसून राहिल्या. माणसाला शिव्या खाऊन लाज वाटते, पकडलं गेल्यावर लाज वाटते. पण कोणी आभार मानल्यावर अशी लाज वाटते हे त्यांना माहीत नव्हतं. अंगावर काहीतरी चिकट सांडावं आणि ते धुवायला पाणी नसावं, तसं झालं होतं. साहेबांनी येऊन विचारलं, "झालं?" बाईंनी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात तात्पुरती यादी लागली. बाई ती बघायला जाणार नव्हत्या. शाळा सुटल्यावर पाय आपोआप तिकडे वळले. बारा नावं वर, मग एक रेघ, आणि रेघेखाली पहिलं नाव तिचं. एका गुणाने. अंतिम यादी दोन दिवसांनी, संध्याकाळी पाचला.

बाईंचे यजमान चष्म्यांची दुरुस्ती करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. बारीक स्क्रू, काड्या, मखमलीचे तुकडे, आणि गिऱ्हाईक आलं की गप्पांना ऊत. बायकोचं कौतुक हा त्यांचा आवडता विषय. अंतिम यादीच्या दिवशी सकाळी ते एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या सरासरीबाईंच्या प्रश्नात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय!"

"ते नाव घेऊ नका," बाई आतून ओरडल्या. इतक्या जोरात, की म्हाताऱ्याने चष्मा तसाच खिशात घातला आणि काढता पाय घेतला.

यजमान आत आले. बाई गॅसजवळ उभ्या होत्या, दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं, आणि त्या नुसत्याच बघत होत्या. यजमानांनी पुढे होऊन गॅस बंद केला. "काय झालं गं?"

मग बाईंनी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं, कारण माणसाच्या तोंडाकडे बघून ते सांगता येत नव्हतं. तीन शब्द, चादरी, दोन चौकोन, सगळं.

यजमान एरवी कशावरही चेष्टा करतील असे. त्यांनी फडकं घेऊन शेगडी पुसली, फडकं पिळलं, आणि मग विचारलं, "तिला संशय तरी आला असेल का?"

"नाही. कुठून येणार? मी समजावलं ना तिला."

यावर ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. 'होतं असं' म्हणाले असते तर भांडता आलं असतं, 'काय केलंस हे' म्हणाले असते तर रडता आलं असतं. ते फक्त म्हणाले, "शाळेत मी फोन करतो. बरं नाही म्हणून सांगतो." आणि बाईंची चप्पल दारात सरळ करून ठेवली.

नियंत्रक साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी दार लोटलं. त्यांनी मूळ प्रश्न मागवला, छापील प्रश्न शेजारी ठेवला, आणि बराच वेळ कपाळ चोळत बसले. बाई उभ्याच होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"बाई, मीसुद्धा हसलो होतो तेव्हा," साहेब शेवटी म्हणाले. "पण आता अडचण अशी आहे की आक्षेप उरलेलाच नाही. तिने समाधान झालं म्हणून लिहून दिलंय. बंद फाईल मला उघडता येत नाही. तिला येते. आज पाचच्या आत तिचा नवा अर्ज माझ्या टेबलावर आला, तर मी उत्तरतालिका बदलतो. तो तिच्या हातचाच हवा, आणि तोच आक्षेप हवा."

"मी आणते."

"आणि तुमचं नाव मला लिहावं लागेल."

"लिहा," बाई म्हणाल्या. घड्याळात अडीच वाजले होते.

हॉस्पिटलची लाँड्री तळघरात होती. जिना उतरतानाच वाफ तोंडावर आली. मोठाली यंत्रं घरघरत होती, ओल्या चादरींच्या ढकलगाड्या भिंतीला लागून उभ्या होत्या, आणि पलीकडे लांब टेबलावर ती कोरड्या चादरींच्या घड्या घालत होती. प्रत्येक ढिगाला वॉर्डाची चिठ्ठी. बाईंना बघून तिचा चेहरा फुलला. तिने घाईघाईने स्टूल पुसलं, पाणी आणलं. बाईंना वाटलं, हिने हे एवढं करू नये.

"तुम्हाला परत आक्षेप लिहायचाय," बाई उभ्यानेच म्हणाल्या. "आत्ता. सत्ताविसाव्या प्रश्नाचा. तुमचं उत्तर बरोबर होतं."

ती हसली. "नाही हो बाई. मला कळलंय आता. दिलं नसेल तर सारखं धरायचं. मी घरी जाऊन परत करूनही बघितलं."

"तसं नसतं. चौथाच पर्याय बरोबर आहे."

तिने हातातली चादर खाली ठेवली आणि बाईंकडे फार मायेने बघितलं. "यादी बघितलीत ना तुम्ही? एका गुणाने गेलं माझं, म्हणून जीव तुटला तुमचा. मन मोठं आहे बाई. पण असला गुण मला नको. माझा वाढला की वर असलेल्या कोणाचा तरी जाणार. तो बिचारा बरोबर लिहून बाहेर पडायचा."

बाईंना वाटलं, आता ही जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आपण इतकं छान शिकवलं होतं. ज्या बाईला काहीही शिकवायची गरज नव्हती, तिच्या डोक्यातलं बरोबर काढून तिथे चूक इतकी पक्की बसवली होती की ती आता स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडून त्या चुकीची बाजू घेत होती. सव्वीस वर्षांतला सगळ्यात यशस्वी धडा हाच.

"मी खोटं बोलले," बाई म्हणाल्या.

यंत्राच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. बाईंना जवळ जाऊन परत म्हणावं लागलं. "त्या दिवशी खिडकीवर मी तुमच्याशी खोटं बोलले. तसला काही संकेत नसतो. मी तो तिथल्या तिथे बनवला."

"का?"

एवढंच विचारलं तिने. आवाज चढवला नाही की डोळे मोठे केले नाहीत. खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तसं विचारलं.

बाईंनी वाटेत तीन-चार उत्तरं तयार केली होती. कामाचा ताण, घाई, गैरसमज. सगळी गळून पडली. "प्रश्न मी काढलेला होता. जागा वाचवायला तीन शब्द मीच कापले. एकोणीस वर्षांत माझी चूक कोणी काढली नव्हती." त्या थांबल्या. उरलेलंही सांगायलाच हवं होतं. "आणि ती लाँड्रीतल्या बाईने काढली. सगळे हसत होते. मीही हसले. मग मला तुमचं बरोबर आहे असं म्हणायची लाज वाटली."

अर्धवट घडी घातलेली चादर तिने पुन्हा उचलली, टोकाला टोक जुळवलं, दाबून सारखी केली, ढिगावर ठेवली. मग म्हणाली, "कागद आहे का?"

बाईंनी पर्समधून कोरा कागद आणि पेन काढून दिलं. ती टेबलाच्या कडेला वाकून लिहायला लागली. मधेच थांबून तिने विचारलं, "तुम्ही काय केलंत, ते लिहू?"

"लिहा."

तिने विचार केला. "नको. गणितापुरतं लिहिते." आणि ती पहिल्यासारखंच लिहीत गेली. मोठा वॉर्ड, लहान वॉर्ड, तीस चादरी. फक्त शेवटची 'चूकभूल माफ असावी' ही ओळ या वेळी तिने घातली नाही.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे कोणाच्या मनाला घोर नको. अर्ज वेळेत पोचला. उत्तरतालिका बदलली, यादी नव्याने लागली, आणि ती अकरावी आली. बाईंचं नाव प्रश्नकर्त्यांच्या यादीतून कमी झालं. कार्यालयाच्या फलकावर कारणासकट तसं लिहून लावलं होतं, आणि ते वाचायला ऑपरेटरही आला होता. पण यातलं काहीही त्या दुपारी तळघरात झालेल्या एका गोष्टीइतकं बाईंना लागलं नाही.

कागदाची घडी घालून बाई निघाल्या होत्या. जिन्यापाशी पोचल्या तोच मागून तिने हाक मारली.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

ती टेबलाजवळच उभी होती, हात कोरड्या चादरींवर ठेवून. "शाळेत असताना मी गणितात उत्तर सांगायचे आणि आमच्या बाई म्हणायच्या, चूक, बस खाली. मग फळ्यावर समजावून सांगायच्या. अगदी तुमच्यासारखं, छान. मला पटायचंसुद्धा. वाटायचं, आपल्याला डोकंच नाही. मग मी शाळा सोडली." तिने एक हात पदराला पुसला. "तेव्हाही, म्हणजे कधीतरी, माझंच बरोबर असेल का हो?"

बाईंनी जिन्याचा कठडा धरला. सव्वीस वर्षं, दर वर्षी दोन तुकड्या. त्यांच्या डोळ्यांपुढे चेहरे यायला लागले, उभे राहून उत्तर सांगणारे आणि मग खाली बसणारे. कोणी काय उत्तर सांगितलं होतं, ते एकीचंही त्यांना आठवेना. ऐकलंच नव्हतं ते.

"असेल," त्या म्हणाल्या.

तिने मान हलवली आणि पुढची चादर उचलली.